अर्ध्या लिटरची पिशवी

१

पिराजी उठला की आधी गच्चीवर जायचा, चूळ मागनं भरायचा. सून अनुजा त्यावरून पहिल्या-पहिल्यांदा बोलायची. पण सत्तरी ओलांडलेल्या सासऱ्याला किती टोकायचं, म्हणून मग तिनं सोडून दिलं होतं.

कसबा बावड्यातल्या त्या घराच्या खोल्या बेताच्या, गच्ची मात्र ऐसपैस. गच्चीवर पिराजीची रोपं. जांभूळ, आंबा, सीताफळ, पेरू. सगळी बी लावून वाढवलेली, आणि सगळी दुधाच्या अर्ध्या लिटरच्या पिशव्यांत. ही रीत त्याच्या बायकोची, शालनची. दूध भांड्यात ओतलं की ती पिशवी धुवायची, उलटी करून तारेवर चिमट्यानं अडकवायची. वाळली की बुडाला दाभणानं दोन भोकं पाडायची आणि लाल मातीत साखर कारखान्याची मळी, उसाच्या रसाचा वाळका गाळ, कालवून भरायची. रोप वीतभर झालं, की पिशवी फाडून त्याला रंगाच्या रिकाम्या डब्यात बसवायचं. शालन गेल्यालाही आता दोन वर्षं होत आली होती. पिराजी एकटाच ते सगळं करायचा. तीस वर्षं त्यानं साखर कारखान्यात ओझी उचलली होती, शाळेचं तोंड बघितलं नव्हतं. पण रोपाला कधी काय लागतं, ते त्याला पानाकडं बघून कळायचं.

वैशाखातल्या त्या मंगळवारी त्यानं नेहमीप्रमाणं बोटानं रोपं मोजली. पिशव्यांत नऊ रोपं होती. आठच भरली.

नववं, जांभळाचं, पाण्याच्या टाकीजवळ एका रंगाच्या डब्यात उभं होतं. नीट बसवलेलं. डबा कलता केला, तर बुडाच्या भोकातून खापरी दिसत होती. खोडाच्या चारी बाजूंनी माती अंगठ्यानं दाबलेली. आणि तारेवर एक पिशवी, उलटी करून, चिमट्यात. तिच्या टोकाशी पाण्याचा थेंब लोंबत होता.

पिराजी खाली आला.

"अनुजा, जांभूळ डब्यात तू लावलंस व्हय?"

"मी?" अनुजा पोळी लाटता लाटता हसली. "मामा, गांडूळ बघितलं तर मी जिन्यावरनं उडी टाकती. मी कशाला मातीत हात घालू?"

"मग विश्वजितनं?"

"तुमच्या लेकाला सोताच्या डब्याचं झाकण लावाय येत न्हाई. तुम्हीच लावलं असशीला, आन् इसरला असशीला."

पिराजीनं मान हलवली. माणूस विसरतो. वय झालं की विसरतोच. चहा पिताना त्यानं सहज आपली नखं बघितली. स्वच्छ होती.

२

दुसऱ्या दिवशी सयाजी आला. कारखान्यातला त्याचा जुना जोडीदार. डोक्यावर टोपी नव्हती, दाढी वाढलेली.

"पिरा, म्हातारी आई गेली रं. उद्या रक्षाविसर्जन. रोप दे एकादं."

त्यांच्या गल्लीत आता राख नदीत कुणी सोडत नव्हतं. रानात खड्डा काढायचा, राख त्यात घालायची आणि वर फळाचं झाड लावायचं. आणि झाड पिराजीकडूनच न्यायचं, असं कुणी न ठरवताच ठरून गेलं होतं. त्यानं कधी कुणाला नाही म्हटलं नाही, कुणाकडून काही घेतलंही नाही.

"म्हातारीला काय आवडायचं?"

"आवडायचं? ब्याण्णव वर्सांची झाली, तोंडात दात न्हाई, आन् पेरू मागायची. घ्या आता!" सयाजी हसला, आणि हसता हसता त्याचं तोंड वाकडं झालं. त्यानं खांद्यावरच्या टॉवेलनं नाक पुसलं.

पिराजीनं पेरूचं रोप त्याच्या हातात ठेवलं. "लावताना पिशवी फाड बरं का. तशीच पुरू नगंस. मुळं आतल्या आत फिरत्यात, एकमेकाला आवळत्यात. झाड मरत न्हाई, पर जगतबी न्हाई."

"आरं, शंभर बारी सांगितलंयस! गल्लीतलं शेंबडं पोरगंबी झोपंत म्हणंल, पिशवी फाड, पिशवी फाड." सयाजी जिना उतरता उतरता थांबला. "वैनीचं झाड कसं हाय? जागा इकली म्हणं विश्वजितनं. सोमवारी जेसीबी येनार."

"आईतवारी काढून आनायचं हाय."

"नीट आण. फणस हाय त्यो. मूळ मोडलं की गेला."

सयाजी गेला, आणि पिराजी पायरीवर बसला तो उन्हं वर येईतोवर बसला.

नदीकडच्या बाजूला त्यांची चार गुंठे जागा होती. शालनची राख तिथं होती, आणि तिच्यावर तिनंच बी लावलेला फणस. भोवतीनं बंगले उठले होते आणि विश्वजितचं सगळंच काही चूक नव्हतं. तो म्हणाला होता, "आण्णा, झाड आपल्या गच्चीवर आणूया. मोठ्या ड्रमात लावूया. आई घरातच येईल की." बोलणं सोन्यासारखं होतं. पण ते ऐकल्यापासून पिराजीला घास गोड लागत नव्हता.

कारण एक गोष्ट त्याला एकट्यालाच ठाऊक होती.

शालनच्या रक्षाविसर्जनाला माणसं खड्डा काढत होती, तेव्हा तो मडकं घेऊन बांधावर बसला होता. पंचगंगेला पूर आला की ह्या रानात कमरेएवढं पाणी येतं. सगळी राख वाहून जाईल, असं त्याच्या मनात आलं. मग कुणाचं लक्ष नाही बघून त्यानं मडक्यातली मूठभर राख घेतली आणि फणसाच्या पिशवीत, खोडाजवळ दाबली. एवढी तरी मुळापाशी राहील. मग कुणीतरी हाक मारली, पिराजी उठला, डोळ्यांपुढं काही दिसत नव्हतं, आणि त्यानं रोप खड्ड्यात ठेवलं. वरनं सगळ्यांनी माती लोटली.

संध्याकाळी घरी येऊन त्यानं सदऱ्याच्या खिशात हात घातला. लावून झालं की फाडलेली पिशवी तो खिशात घालून घरी आणायचा, कचरा टाकायचा नाही, शालनची ताकीद होती. खिसा रिकामा होता.

साऱ्या गल्लीला सांगणाऱ्या माणसानं बायकोचीच पिशवी फाडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी जाऊन काढता आली असती. पण राखेत खुरपं कसं घालायचं? आज जाऊ, उद्या जाऊ, करता करता दोन वर्षं. फणस गुडघ्याच्या वर गेला नाही. तीन पानं यायची, पिवळी पडायची, गळायची.

३

गुरुवारी तारेवर आणखी दोन पिशव्या होत्या.

ह्या खेपेला पिराजीनं चिमटे काढून त्या उजेडात धरल्या. पिशवी फाडायची तर ब्लेड वरून खाली ओढायचं. कड सरळ येते. ह्या पिशव्यांची कड सरळ नव्हती. प्लास्टिक एका जागी ताणून ताणून पातळ झालेलं, पांढरं पडलेलं, आणि मग फाटलेलं. फाटल्या कडा बाहेरच्या अंगाला उचललेल्या.

पिशव्या आतून फाटल्या होत्या.

मुळं जाडावली असतील, तो मनाशी म्हणाला. वैशाखाचं ऊन आहे, प्लास्टिक कुजलं असेल. एवढं पटलं. पण मग धुतल्या कुणी? उलट्या कुणी केल्या?

त्यानं डब्यांपाशी उकिडवं बसून माती बघितली. खोडाभोवती चार ठसे, चार दिशांना. ठसा लांबट नव्हता. बंद्या रुपयासारखा गोल होता.

शालनच्या उजव्या अंगठ्याचं वरचं पेर नव्हतं. माहेरच्या गुऱ्हाळात, लग्नाआधी, चरकात ऊस सारताना गेलेलं. माती दाबली की तिचा ठसा असाच गोल उठायचा. पिराजी चेष्टेनं म्हणायचा, "रुपये पेरतीस व्हय गं?" आणि ती म्हणायची, "उगवलं तर तुमास्नी एक बी देनार न्हाई."

पिराजीनं शेजारच्या मातीत आपला अंगठा दाबला. लांब, रुंद ठसा उठला. मग अंगठा मुडपून पेराच्या हाडानं दाबला. गोल उठला. अगदी तसाच नव्हे, पण गोल.

म्हणजे आपणच. आपणच पहाटे अर्धवट झोपेत येतो, ती करायची तसं करतो आणि खाली जाऊन झोपतो. अशी माणसं असतात, त्यानं ऐकलं होतं. ह्या विचारानं त्याला भीती वाटायला पाहिजे होती. उलट बरं वाटलं.

त्यानं गच्चीच्या दाराला कुलूप घातलं आणि किल्ली करगोट्याला बांधली. गाठ अशी मारली, की सोडायला अनुजाचीच मदत लागावी.

शुक्रवारी सकाळी अनुजानं चिमट्यानं ती गाठ सोडवली. "मामा, गच्चीवर काय सोनं पुरलंय काय?"

तारेवर एक पिशवी होती. तिच्याखालची फरशी ओली होती.

४

शनिवारी दुपारी घरात तो एकटाच होता. विश्वजित शिरोलीला कामावर, अनुजा शाहूपुरीत साडीच्या दुकानात. वर कुलूप, किल्ली कमरेला, आज साध्या गाठीनं. पंखा लावून तो मधल्या खोलीत कॉटवर पडला होता. झोप लागलेली नव्हती. नंतर त्यानं स्वतःला कितीदा विचारलं, आणि दर वेळी उत्तर तेच आलं. लागलेली नव्हती.

वर चुरचुर वाजलं.

दुधाची पिशवी मुठीत आवळली की वाजतं, तसं. थांबलं. पुन्हा वाजलं. मग काहीतरी ताणल्यासारखं, बराच वेळ, आणि मग चर्र. मग गच्चीवरचा नळ सुटला. पाणी आधी फरशीवर पडलं, मग कुणी खाली हात धरावा तसा त्याचा आवाज बदलला. नळ बंद झाला. टक्. चिमटा तारेवर बसला.

पिराजी उठला. भिंतीला धरून जिना चढायला लागला. गुडघे वाजत होते. सहाव्या पायरीवर एक फरशी हलते, ती हलली, आणि वरचा आवाज जागच्या जागी थांबला.

तो थांबला. वरचंही थांबलं. दोघं ऐकत राहिले.

मग पुन्हा सुरू झालं. पण आता फार हळू. नळ अगदी बारीक सोडलेला. चिमटा बसला तो आवाज न होऊ देता, बोटानं दाबून धरत.

पिराजीला ती पद्धत ओळखू आली. उसाच्या सीझनला तो रातपाळी करून यायचा आणि दुपारी झोपायचा. तेव्हा शालन अशीच कामं उरकायची. भांडं भांड्याला लागू द्यायची नाही. वर जे कोण होतं, त्याला तो जागा होईल असं वाटलं होतं, आणि ते त्याची झोप सांभाळत होतं.

तो सहाव्या पायरीवर बसला. त्याच्यानं पुढं जाववेना. भीती होती, नव्हती असं नाही. पण भीतीपेक्षा मोठं काहीतरी छातीवर बसलं होतं. "शाले," तो ओठांतल्या ओठांत म्हणाला.

वर सगळं शांत झाल्यावर त्यानं किल्ली सोडून कुलूप काढलं. गच्ची पांढऱ्या उन्हात रिकामी पडली होती. तारेवर चार पिशव्या, एकीला एक लागून. वारा नव्हता. तरी शेवटची हलत होती. खाली चार डबे मांडलेले, चारांतही रोपं बसवलेली, माती दाबलेली.

आता पिशवीत एकच रोप उरलं होतं, आणि ते गच्चीवर नव्हतं.

५

रविवारी सकाळी बापलेक रानात गेले. आता रान कुठलं म्हणा. तिन्ही बाजूंनी कंपाउंडच्या भिंती आणि मध्ये हा फणस, दोन पानांचा. जेसीबी आदल्या दिवशीच येऊन बांधाला उभा राहिला होता.

विश्वजितनं पहार उचलली.

"पहार नगं," पिराजी म्हणाला. "हातानं."

"आण्णा, दोन वर्साचं झाड हाय. मूळ खोल गेलं असंल."

"न्हाई गेलं."

लेकानं बापाकडं बघितलं आणि पहार खाली ठेवली. दोघंही हातानं माती उकरायला लागले. वीतभर खाली बोटांना गुळगुळीत लागलं. विश्वजितनं माती झाडली. दुधाच्या पिशवीची निळी अक्षरं वर आली, काल दूध आणावं इतकी ताजी.

"आण्णा." तो म्हणाला. "पिशवी तशीच हाय की."

"व्हय."

"कुणी लावलंतं हे?"

"मीच लावलंतं की. तू नव्हतास व्हय हितं?"

"तुमच्या हातनं..." विश्वजित उकिडवा बसून राहिला. लहानपणी त्यानं पिशवी न फाडता आंबा लावला म्हणून ह्याच माणसानं त्याचा कान पिळला होता. "आन् तुमास्नी ठावं होतं? दोन वर्सं?"

पिराजी माती उकरत राहिला. विश्वजितनं तोंड फिरवून बाहीनं डोळे पुसले आणि खड्ड्यातली राखेनं करडी झालेली माती ओंजळी-ओंजळीनं पोत्यात भरली, एक ओंजळसुद्धा मागं ठेवली नाही.

पिराजीनं पिशवी दोन्ही हातांवर घेतली. घट्ट फुगली होती, दगडासारखी. त्यानं ती वर धरून बूड बघितलं. दाभणानं पाडलेली दोन भोकं तशीच होती, आणि त्यांतून एक केसाएवढं मूळसुद्धा बाहेर आलेलं नव्हतं. दोन वर्षांत मूळ भोक शोधतंच. भिंत फोडतं मूळ. गच्चीवरच्या नऊ महिन्यांच्या रोपांच्या पिशव्या आतून फाटल्या, आणि ही शाबूत.

शालनला ही फाडता येत नव्हती असं नाही. ती त्याची वाट बघत होती.

गाडीवर मागं बसून त्यानं पिशवी पोटाशी धरली. खड्डा आला की ती चुरचुरायची. कारखान्याच्या फाट्यावर मळीचा ट्रॅक्टर आडवा होता म्हणून विश्वजितनं गाडी थांबवून बंद केली. तेव्हाही ती चुरचुरत होती, हळूहळू, सदऱ्याला घासून. पिराजीनं वरनं टॉवेल पांघरला.

६

विश्वजितनं अर्धा कापलेला ड्रम वर चढवून दिला, करड्या मातीचं पोतं ठेवलं. "मी थांबू का?" म्हणाला. पिराजीनं नको म्हणून हात केला. ज्यानं लावलं त्यानंच सोडवायचं.

दिवस कलला होता. बादलीत पाणी घेऊन तो ड्रमाजवळ बसला. ब्लेड वरून खाली ओढलं. कड सरळ आली. सालीसारखी पिशवी सोलून त्यानं बाजूला ठेवली.

आत माती उरलीच नव्हती. नुसती मुळं. गोल फिरून, एकावर एक चढून, आवळून बसलेली. बाहेरून चार जाड मुळं वळलेली आणि पाचवं, आखूड, त्यांच्यावरून आडवं आलेलं. मूठ वळावी तशी. आत काय धरलं होतं ते दिसत नव्हतं. पिराजीला माहीत होतं.

त्यानं ती मूठ पाण्यात धरली. गुंता असा सोडवायचा असतो, पाण्यात, घाई न करता. "चुकलं माझं," तो पाण्याकडं बघत म्हणाला. "डोळ्याफुडं काय दिसत नव्हतं गं. मी लई चुकलो." उजव्या हाताचं बोट त्यानं आखूड मुळाखाली सरकवलं आणि जरा उचललं. एक मूळ सैल झालं. मग दुसरं. पाणी राखाडी झालं. तो पुटपुटत राहिला, बोटानं वाट काढत राहिला. किती वेळ, त्याला कळलं नाही. शेजारच्या घरांतले दिवे लागले.

मूठ उघडली. पिराजीचा हात तळापर्यंत आत गेला.

आणि मूठ मिटली.

जोरानं नव्हे. लहान पोर झोपेत बोट धरतं तशी. त्यानं हात मागं घ्यायला बघितलं, तर मुख्य मूळ ताणलं गेलं आणि बारीक करकरलं. तो थांबला. फणसाचं मूळ मोडलं की फणस गेला.

पाणी हललं नाही. वरची दोन पानं मात्र हलली.

"मामा!" खालून अनुजाची हाक आली. "च्या झालाय, या खाली!"

पिराजीनं हाताकडं बघितलं. मनगटापर्यंत मुळं दिसत होती, त्याच्या पुढं पाणी. मग त्यानं तो हात तसाच, रोपासकट, बादलीतून उचलून ड्रमात ठेवला. ड्रमाला टेकून बसला. मोकळ्या डाव्या हातानं पोत्यातली करडी माती घ्यायला लागला. एक ओंजळ व्हायला दोन हात लागतात. त्याच्या मुठी-मुठी पडत राहिल्या. बोटं झाकली, मनगट झाकलं. माती गार होती.

डाव्या अंगठ्यानं त्यानं आपल्या बाजूची माती दोन ठिकाणी दाबली. पलीकडच्या बाजूला हात पोचत नव्हता.

तो बघत राहिला. पलीकडची माती एका ठिकाणी हळूच खाली बसली. मग शेजारी, दुसऱ्या ठिकाणी. गोल.

"मामा, वर कोन आलंय काय?" अनुजा जिन्याच्या तळाशी येऊन विचारत होती. "नळ सुटलाय. पानी वाया जातंय की!"

पिराजीचा एक हात मातीत होता, दुसरा ड्रमाच्या काठावर. गुडघ्याशी ठेवलेली पिशवी तिथं नव्हती. मागं पाणी पडत होतं, आणि त्याचा आवाज मध्येच बदलत होता. त्यानं मान वळवली नाही.

"मीच हाय," तो म्हणाला.

नळ बंद झाला. तारेवर चिमटा बसला, आवाज न करता, बोटानं दाबून धरल्यासारखा.

"च्या झाकून ठेव, पोरी. मला वाईच उशीर हुईल."